पत्रिका जुळत नाही

मार्च संपला की या सदराचं टपाल बदलतं. एरवी व्हिसा, शैक्षणिक कर्ज, तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का, असले प्रश्न असतात. मार्चअखेर अमेरिकेतल्या कॉलेजांचे प्रवेशाचे निकाल लागतात, आणि एप्रिलमध्ये मात्र सगळे एकच विचारतात, फक्त शब्द वेगळे : नकार का आला? यंदाच्या पत्रांतली चार निवडली आहेत. बाकीच्यांनी आपलं उत्तर त्यांत शोधावं, ही विनंती. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात: अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका खासगी विद्यापीठासाठी मी अकरा हंगाम प्रवेशअर्ज वाचले. आता सांगलीत, माहेरच्या घरात राहते. विद्यापीठाचं नाव विचारू नका.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ९७.४ टक्के होते. अकरावीत तो पहिला आला. एसएटीत (अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा) १६०० पैकी १५५०. रसायनशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला. अमेरिकेत अकरा ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे आर्थिक मदतही मागितली. नऊ नकार, एक वेटलिस्ट आणि एका ठिकाणी प्रवेश, तोही एक डॉलरची मदत न देता. 'हे तर नक्की' म्हणून धरलेल्या कॉलेजनेही नाकारलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीला एसएटीत १४६० होते. आमच्या मुलाला नाकारलेल्या एका ठिकाणी ती चालली आहे. दोन आठवडे झाले, मुलगा जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही. त्याच्यात नेमकं काय कमी पडलं? (नाशिक)

उत्तर : काही कमी पडलं नाही, असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, बाई समजूत काढतायत. म्हणून समजूत बाजूला ठेवते आणि कोर्टात आलेले आकडे सांगते. प्रवेश देताना वंश पाहतात म्हणून हार्वर्डविरुद्ध एक मोठा खटला झाला. २०१८ मध्ये बोस्टनच्या कोर्टात त्याची सुनावणी झाली आणि एरवी कुलपात असणारी प्रवेशाची कागदपत्रं चव्हाट्यावर आली. २०१९ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीचा हिशेब त्यात आहे. अर्ज सुमारे ३५ हजार, जागा सुमारे १,६००. एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले ३,४००, भाषेच्या भागात पैकीच्या पैकी २,७००. आणि शाळेच्या गुणपत्रकात सगळं अव्वल असलेले ८,००० हून जास्त. म्हणजे 'शाळेत पैकीच्या पैकी' एवढी एकच अट ठेवली, तरी पाचांतल्या चौघांना परत पाठवायला लागतं.

आपल्याकडे हा पेच सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे लांबवत नेऊन सोडवतात. सातव्या स्थळावर का होईना, कुणीतरी पुढे असतो आणि कुणीतरी मागे. तिकडे तसं करत नाहीत. अभ्यास झेपेल एवढी खात्री पटली की गुणांचा कागद उपडा ठेवतात आणि दुसराच प्रश्न विचारतात : यातलं आपल्याला कोण हवंय?

माझे वडील सांगलीतल्या एका हौशी नाटकमंडळीत होते. राज्य नाट्यस्पर्धेसाठी दर पावसाळ्यात आमच्या सोप्यावर पात्रनिवड चालायची. एका वर्षी चार तरुण आले, चौघेही गाणारे, चौघेही नायकाच्या तोलाचे. नायक एकच लागतो, एक घेतला. उरलेल्या तिघांना वडिलांनी विचारलं, "पेटी कुणाला येते?" कुणालाच येत नव्हती. पाचवा एक होता, आवाज घोगरा, उभं राहणंही धड नाही, पण पेटीवर बोटं बसलेली. तो आत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिघांपैकी एकाची आई आमच्या दारात. "माझ्या पोराच्या गळ्यात काय खोट आहे ते सांगा." वडिलांनी तिला चहा पाजला, पण उत्तर काही देता आलं नाही, कारण गळ्यात खोट नव्हतीच.

आमच्या विद्यापीठाची 'पेटी' दर वर्षी वेगळी असायची. एकदा ऑर्केस्ट्रातल्या ओबो वाजवणाऱ्या दोघीही एकाच वर्षी पदवीधर होऊन जाणार होत्या. एकदा लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या विभागात विद्यार्थी इतके कमी झाले की विभागच बंद होतो की काय अशी धास्ती होती. जानेवारीत ही गरजांची यादी आमच्या हाती यायची. बाहेर कुणाला ती दिसत नसे, आणि पुढच्या वर्षी ती जुनी झालेली असे. तुमच्या मुलाने कोणता विषय लिहिला ते पत्रात नाही, पण संगणकशास्त्र असणार, अशी माझी पैज. भारतातून आलेल्या माझ्या गठ्ठ्यात दहांपैकी सात-आठ जणांचं तेच असायचं. त्या रांगेत उभं राहिलं की तुमचा मुलगा हार्वर्डच्या ३५ हजारांशी नव्हे, आपल्याच नाशिक-पुणे-बंगळुरूच्या मुलांशी लढत असतो.

आता थोडं वाचणाऱ्याच्या खुर्चीतून. नोव्हेंबर ते मार्च माझ्या वाट्याला दिवसाला पंचवीस-तीस अर्ज येत. एकाला मिळायची बारा-पंधरा मिनिटं. आधी शाळेची माहिती : शाळा कशी, विषय कोणते, गुण कसे देतात. मग गुणपत्रक. मग शिक्षकांची शिफारसपत्रं, आणि शेवटी मुलाचा निबंध. गुणपत्रकापर्यंत आपली मुलं वाघ असतात. गाडी अडते ती शिफारसपत्रात. आपल्याकडे बारावीची हुशार मुलं 'इंटिग्रेटेड' क्लासला बसतात आणि कॉलेजात जातात ती प्रॅक्टिकलपुरती. मग ज्या सरांनी मुलाला चार वेळा पाहिलंय, ते लिहिणार तरी काय? बहुतेक वेळा मुलगाच मजकूर टाइप करून नेतो आणि सर खाली सही ठोकतात. 'हा विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक व वक्तशीर आहे.' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणून दाखवीन. आपल्या कानांना ती स्तुती वाटते. माझ्या शेजारी बसणारी मिशिगनची बाई 'आज्ञाधारक' वाचून विचारायची, "म्हणजे याला स्वतःचं काही म्हणणं नाही का?" एकदा एका पत्रात पहिल्या परिच्छेदात मुलगा होता, तिसऱ्यात मुलगी झाली, आणि शेवटी तिसऱ्याच कुणाचं नाव. त्या मुलाचे गुण उत्तम होते. पण बारा मिनिटांत मी त्याला कुठे शोधणार?

समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीबद्दल एवढंच सांगते, की तिच्या अर्जातली तुम्हाला माहीत असलेली एकमेव गोष्ट म्हणजे १४६०.

आता ते 'नक्की' धरलेलं कॉलेज. इथे मात्र मला स्थळांची भाषा वापरू द्या, त्याहून नेमकी सापडत नाही. मुलगा फार शिकलेला, मोठ्या पगाराचा असला की मुलीकडचे कधीकधी स्वतःच मागे सरतात. 'तो आपल्यात कुठे करणार? उगीच महिनाभर लटकायचं.' आणि निरोप जातो की पत्रिका जुळत नाही. मधल्या फळीतली कॉलेजं हेच करतात. प्रवेश दिलेल्यांपैकी खरोखर किती मुलं येतात, या प्रमाणाला तिकडे यील्ड म्हणतात. ते घसरलं तर वसतिगृहं रिकामी पडतात, अंदाजपत्रक कोलमडतं, वर कॉलेज 'निवडक' दिसायचं बंद होतं. १५५० वाला मुलगा ज्याने आमची एकही ईमेल उघडली नाही, ऑनलाइन माहितीसत्राला आला नाही, आणि 'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाला जिथे तिथे चालेल असं उत्तर दिलं, तो येणार नाही हे वाचणाऱ्याला कळतं. मग नकार किंवा वेटलिस्ट. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं एक रूक्ष कागदपत्र प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ या तक्त्यात निवडीचा कोणता निकष किती महत्त्वाचा, ते खुणा करून दिलेलं असतं. तळाशी 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशी ओळ असते. काही कॉलेजं तिथे चक्क 'महत्त्वाचा' लिहितात, काही 'विचारात घेत नाही'. सल्लागाराला लाखभर मोजण्याआधी हा फुकटचा तक्ता वाचावा, असं मी दर वर्षी लिहिते. दर वर्षी कुणी वाचत नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : सगळीकडे आर्थिक मदत मागितली. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निवड करणारी आणि मग लागेल ती मदत देणारी विद्यापीठं मोजकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, बोस्टनजवळचं एमआयटी (कोथरूडचं नव्हे), ॲमहर्स्ट. अलीकडे त्यांत डार्टमथ आणि बोडनही आले. आणखी थोडी असतील. आणि तिथली गर्दी वर सांगितलीच. बाकी बहुतेक खासगी विद्यापीठांत परदेशी अर्जदाराच्या बाबतीत ऐपत बघितली जाते, आणि ती नेमकी शेवटी बघितली जाते. सरकारी विद्यापीठांकडे परदेशी मुलांसाठी मुळात पैसा फारसा नसतो. त्यांच्या दृष्टीने तुम्ही पूर्ण फी भरणारं गिऱ्हाईक. खासगी ठिकाणचा वर्षाचा खर्च आता ८५-९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. तो गुणिले चार करा आणि मग विचार करा, की दोन मुलं गुणांनी सारखी असतील तर शेवटच्या आठवड्यात कोण गळेल.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका वर्षी माझ्या गठ्ठ्यात मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा एक मुलगा आला. बारावीचे अपेक्षित गुण ८८ टक्के, म्हणजे आपल्या भाषेत साधारण. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. निबंध त्याच्यावरच होता : बाप गाडी आत येताना फक्त कान देऊन ऐकतो आणि बॉनेट उघडायच्या आधी सांगतो, कुठे बिघडलंय. मुलाने डेपोत बसून चाळीस गाड्यांचे आवाज मोबाइलवर टिपले, वहीत रकाने आखले, आणि बापाचं निदान कितीदा बरोबर येतं ते मोजलं. जिथे बाप चुकला तिथे का चुकला, हेही लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं. पण त्याच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी दीड पान मनापासून लिहिलं होतं आणि त्यात 'आज्ञाधारक' नव्हतं. समितीत मी त्याच्यासाठी भांडले. हात वर झाले, नाव यादीत गेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आर्थिक मदतीच्या कार्यालयातून निरोप आला, की रक्कम संपत आलीय, काही नावं उतरवा. संध्याकाळी सात वाजता आम्ही सहा जण पिझ्झाचे खोके बाजूला सारून नावं उतरवत बसलो. पूर्ण मदत लागणारी परदेशी मुलं आधी. त्याचं नाव यादीतून माझ्याच हाताने काढलं. त्याला जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं, की यंदाचे अर्जदार असामान्य गुणवत्तेचे होते. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी त्याला काही कळायची सोय नव्हती.

म्हणून तुम्ही 'काय कमी पडलं' विचारता तेव्हा मला तो आठवतो. तुमच्या अकरापैकी किती नकार विषयामुळे, किती यील्डमुळे आणि किती पैशामुळे, हे कोणी सांगणार नाही. सांगतो म्हणणारा सल्लागार भेटला तर घराबाहेर काढा. ज्या ठिकाणी मदतीशिवाय प्रवेश मिळालाय, तिथे पाठवायला घर गहाण पडणार असेल तर पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत. पदवी इथे करून पुढच्या शिक्षणाला जाता येतं. तिकडे गेलेल्या आपल्या बहुतेक मुलांची वाट तीच आहे. पीएचडीला तर बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. आणि मुलगा खोलीबाहेर आला की कुठे चुकलं ते विचारू नका. ऑलिम्पियाडमधलं कुठलं गणित सुटलं नव्हतं ते विचारा. बोलेल.

प्रश्न : आम्ही सतरा वर्षं टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला आहोत. मुलगी इथेच जन्मली. शाळेत वरच्या ८ टक्क्यांत, एसएटी १५२०, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. ऑस्टिनच्या विद्यापीठाने नकार देऊन 'कॅप' देऊ केलंय. तिच्याहून कितीतरी कमी एसएटीची, कुठल्या कुठल्या खेड्यातली मुलं मात्र थेट ऑस्टिनला. कर आम्हीही भरतोच ना? (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : ताई, तुमचं प्रकरण नाशिकच्या अगदी उलट आहे. तिथे कुणी काय पाहिलं ते कळत नाही. तुमच्याकडे सगळं कायद्यात लिहिलंय. १९९६ च्या एका निकालाने टेक्सासच्या विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला बंदी केली. त्यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये कायदा झाला, सही तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची : राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. गंमत म्हणजे खेड्यापाड्यातले गोरे आमदार आणि शहरातले कृष्णवर्णीय नि लॅटिनो आमदार एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, पण या कायद्यापाठी एक झाले. दोघांच्याही मतदारसंघातली पोरं ऑस्टिनला पोचत नव्हती.

पुढे ऑस्टिनला इतकी गर्दी झाली की २००९ मध्ये त्यांच्यापुरती मर्यादा घातली. राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी तीन चतुर्थांश या वाटेने भरल्या की पुरे. त्यामुळे दहाचे सात झाले, सातचे सहा, आणि २०२६ च्या प्रवेशापासून पाच. अर्ज ७० हजारांच्या वर गेलेत. तुमची मुलगी ८ टक्क्यांत, म्हणजे रेषेच्या जराशी खाली. उरलेल्या पाव जागांसाठी फ्रिस्को, प्लेनो, शुगरलँड इथल्या तिच्यासारख्याच मुलांशी तिची गाठ. तीच मुलगी पश्चिम टेक्सासच्या एखाद्या छोट्या गावात असती तर बहुधा पहिली आली असती.

आता माझं मत विचाराल, तर मी सांगलीची. अकरावीत असताना पुण्याच्या मुलांकडे नोट्स होत्या त्या आम्ही झेरॉक्सची झेरॉक्स मिळवून वाचल्या. त्या खेड्यातल्या मुलाच्या कमी एसएटीबद्दल माझ्या मनात तिडीक येत नाही. त्याच्या शाळेत कदाचित कॅल्क्युलसचा वर्गच नसेल. आपल्याकडे 'होम युनिव्हर्सिटी'च्या जागांवरून जी भांडणं व्हायची ती आठवा, आणि तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो तेही.

कॅपबद्दल. नावावरून आपल्या कॅप राउंडची आठवण होऊन मलाही हसू आलं, पण हे वेगळं. पहिलं वर्ष यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) व्यवस्थेतल्या आर्लिंग्टन किंवा सॅन अँटोनियोसारख्या विद्यापीठात, ३० क्रेडिट, जीपीए (गुणांची सरासरी) चारपैकी किमान ३.२, की दुसऱ्या वर्षी ऑस्टिनच्या लिबरल आर्ट्समध्ये (भाषा, इतिहास, समाजशास्त्र वगैरे) जागा. लिबरल आर्ट्समध्ये, एवढं अधोरेखित करा. तिला इंजिनीअरिंग किंवा संगणक हवा असेल तर ही वाट तिथे जात नाही. थेट प्रवेश मिळालेल्यांनासुद्धा विद्यापीठाची हमी असते, विषयाची नसते.

प्रश्न : मी कराडला चौतीस वर्षं गणित शिकवलं. गुण सोडून 'व्यक्तिमत्त्व', 'आवड', 'गरज' असलं काही पाहायचं म्हणजे वशिल्याला मोकळं रान, असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षेचा कागद तरी जात, पैसा, ओळख पाहत नाही. आपण या पद्धतीचं समर्थन कसं करता? (कराड)

उत्तर : सर, नमस्कार. समर्थन करत नाही, निदान पूर्ण नाही. तुमचा संशय इतिहासाला धरून आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हार्वर्डचा प्रवेश बराचसा तुमच्या मनासारखा होता. परीक्षा द्या, पास व्हा, आत या. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं हीच परीक्षा भराभर पास होऊ लागली. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सात टक्क्यांच्या आसपास होते, १९२२ पर्यंत एकवीस टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष होते ॲबट लॉरेन्स लॉवेल. त्यांनी पंधरा टक्क्यांची मर्यादा घालायचं उघड बोलून दाखवलं, गदारोळ झाला, आणि १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड कोटा फेटाळला. मग जे दारातून जमलं नाही ते खिडकीतून आलं. अर्जात प्रश्न तर १९२२ पासूनच आले होते : वंश कोणता, धर्म कोणता, आणि 'तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल झाला आहे काय?' फोटो मागायला लागले. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाची संख्या हजारावर बांधली आणि निवडीत 'चारित्र्य' नावाची मोघम गोष्ट मोठी केली. ज्यू मुलांचं प्रमाण पुन्हा खाली आलं. आज ज्याला कौतुकाने 'समग्र मूल्यमापन' म्हणतात, त्याचं हे बाळंतपण.

आणि वशिला अजून आहे. मघाच्याच खटल्यात आकडा आला : खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची मुलं, तिथल्या नोकरदारांची मुलं आणि देणगीदार वगैरेंची नावं असलेल्या डीनच्या खास यादीतली मुलं हे सगळे मिळून अर्जदारांत पाच टक्के, पण प्रवेश मिळालेल्यांत तीस टक्के. आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरांत गेला. आम्ही सांगलीकर दादांबद्दल वाकडं बोलत नाही, पण निदान त्या डोनेशनला लोक डोनेशनच म्हणत. तिकडे त्याला संस्थेची परंपरा म्हणतात. २९ जून २०२३ ला त्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार बंद केला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला त्या निकालाने हात लावला नाही. एमआयटी आणि कॅलटेक ते माप देत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही ते बंद केलं.

तरी, सर, एक अडचण माझी तुम्ही सोडवा. एसटी मेकॅनिकचा तो ८८ टक्केवाला मुलगा तुमच्या पद्धतीत माझ्या टेबलापर्यंत आलाच नसता. माझ्या पद्धतीत तो आला, सगळ्यांनी पसंत केला, आणि पैशापायी गेला. दोन्हीकडे तो बाहेरच. मी हे अजून कागदावर मांडून पाहते, उत्तर येत नाही.

प्रश्न : मॅम, मला एका कॉलेजने वेटलिस्ट केलंय. माझा नंबर कितवा आहे ते विचारायला बाबा फोन करणार म्हणतायत. करू द्यावा का? आणि आता मी काय करू? (ठाणे)

उत्तर : बाबांना फोन करू देऊ नकोस. फोन त्यांनी केला तर तिथल्या फायलीत नोंद होते, आणि ती तुझ्या बाजूने नसते. शिवाय नंबर विचारून उपयोग नाही, कारण बहुतेक ठिकाणी नंबर नसतोच. ही रेल्वेची वेटिंग लिस्ट नव्हे, की डब्ल्यूएल १२ चं सकाळपर्यंत आरएसी होईल. मे महिन्यात ज्या प्रकारची मुलं कमी पडतील त्या प्रकारचं कुणीतरी ते यादीतून उचलतात. कुणाला मदत हवी आणि कुणाला नको, हेही तेव्हा पाहिलं जातं. मागच्या वर्षी तिथे किती जणांना वेटलिस्ट केलं आणि त्यांतले किती आत घेतले, ते त्या कॉमन डेटा सेटच्या सी-२ मध्ये सापडेल. काही वर्षी तो आकडा शून्य असतो, तेवढी मनाची तयारी ठेव.

आधी, जिथे प्रवेश मिळालाय तिथे १ मे च्या आत होकार कळव आणि अनामत भर. मग वेटलिस्टवर राहायचंय असं या कॉलेजला कळव आणि एक पानाचं पत्र लिही, तुझ्या शब्दांत. जानेवारीनंतर नवं काय केलंस ते, आणि प्रवेश दिलात तर येणार हे स्पष्ट. खरंच जाणार असलीस तरच. प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडू नकोस. अकरावी-बारावीतल्या ज्या मॅडम तुला खरोखर ओळखतात त्यांचं आणखी एक पत्र चालत असेल तर पाठव. मात्र लिहू दे त्यांनाच, तू टाइप करून नेऊ नकोस. आणि त्यांना नम्रपणे सांग, 'आज्ञाधारक' नको.